खुराड्याची साफसफाई: झाडू कधी, पाणी कधी, चुना कधी

कोंबड्या पाळायला नव्याने सुरुवात केलेला माणूस पहिल्या पंधरवड्यात हमखास एक गोष्ट करतो. खुराड्याला वास मारायला लागला की पाण्याचा पाइप आणतो आणि सगळं धुऊन काढतो. त्या दिवशी बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा उग्र वास येतो, मग आणखी पाणी, मग फिनेल, आणि काही दिवसांत कोंबड्या शिंकायला लागतात.

खुराड्यात डागांचं फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते ओलीने. साधा हिशेब मांडून बघा. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅमहून थोडी जास्तच शिटते. सहा कोंबड्या असतील तर महिन्याला १८ ते २० किलो झाले, आणि त्यातलं पाऊण वजन पाण्याचं. म्हणजे तुम्ही थेंबभर पाणी न ओतताही महिन्याला बादलीभर पाणी खुराड्यात आणि आवारात येऊन पडतंच आहे. त्यात पाइप सोडायचा म्हणजे भरल्या बादलीत आणखी ओतायचं.

या ओलीवरच पुढचं सगळं अवलंबून असतं. पक्ष्यांना वेगळी लघवी नसते. शिटेवर जो पांढरा ठिपका दिसतो ते यूरिक आम्ल, आणि ओल मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी शिटेतून बाहेर पडतात तेव्हा ती रोग देण्याजोगी नसतात, पण ऊब आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत पिकतात. घरमाशीला अंडी घालायला ओली शीटच लागते. कोरड्या जागी यातलं एकही काम नीट पार पडत नाही. खाली जे काही सांगितलंय ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी खुराडं बघून घ्या

सकाळी दार उघडताच, हवा खेळायच्या आत, गुडघ्यावर बसा, डोकं कोंबडीच्या उंचीला न्या आणि दोन-चार श्वास घ्या. उभं राहून वास कळत नाही, कारण अमोनिया जमिनीलगत तयार होतो आणि कोंबडी रात्रभर त्याच हवेत असते. नाक चुरचुरलं, डोळ्यांत पाणी आलं, तर ते खुराडं राहण्याजोगं नाही. कोंबड्यांच्या घरात अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर जाऊ नये असं मानतात. आपल्या नाकाला वास स्पष्ट जाणवेपर्यंत बऱ्याचदा हा आकडा जवळ आलेला असतो. शिवाय नाक लवकर सरावतं, म्हणून रोज आत जाणाऱ्यापेक्षा कधीतरी येणाऱ्या पाहुण्याच्या नाकावर जास्त विश्वास ठेवावा.

वास येत असेल तर झाडू उचलण्याआधी वर बघा. हवा बाहेर पडायला छताखाली, म्हणजे दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, जाळी लावलेले झरोके हवेत. दोन समोरासमोरच्या बाजूंना असतील तर उत्तम. दमट, गरम हवा वर चढते आणि तिथून निघून जाते, खाली झोपलेल्या कोंबड्यांना झोत लागत नाही. झरोके नसलेलं खुराडं कितीही झाडलं तरी कुबटच राहतं. तेव्हा भिंतीत भोकं पाडणं हीच त्याची पहिली साफसफाई.

मग दांड्या. रात्रभराची शीट दांडीखाली पडते आणि दिवसाची निम्मी तरी शीट रात्रीचीच असते. म्हणून दांडी कुठे आहे यावर तुमचं निम्मं काम ठरतं. दांडी अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते, आणि ती जागा खोका असली तर ती खोक्यातच झोपणार, खोक्यातच घाण करणार. दांडी चार-पाच सेंटिमीटर रुंद, कडा गोल केलेल्या, आणि दर कोंबडीमागे २० ते २५ सेंटिमीटर जागा. ती भिंतीला ठोकून टाकू नका. खोबणीत बसवा, म्हणजे काढून उन्हात टाकता येते. त्याचा फायदा पुढे कोळ्यांच्या, म्हणजे फटींत दडून रक्त पिणाऱ्या बारीक किडीच्या, वेळी कळेल.

जागाही मोजून घ्या. आत दर कोंबडीमागे तीन ते चार चौरस फूट आणि बाहेरच्या आवारात आठ-दहा चौरस फूट असले तर कामं आवाक्यात राहतात. त्याहून दाटी असेल तर कुठलंही वेळापत्रक पुरं पडत नाही. कोंबड्या कमी करा किंवा जागा वाढवा.

अवजारं

फार काही लागत नाही. खरवडायला भिंतीचा रंग काढायची रुंद पट्टी, एक खराटा, फावडं, घमेलं, झाकणाची बादली, फटींसाठी टाकाऊ टूथब्रश. हातमोजे आणि नाका-तोंडावर नीट बसणारा मास्क. वाळलेल्या शिटेची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही, हे हलक्यात घेऊ नका. आणि खुराड्यासाठी वेगळ्या चपला किंवा गमबूट, जे घरात येणार नाहीत.

रोजची दहा मिनिटं

दांडीखाली एक फळी किंवा पत्रा बसवा, दांडीपासून वीतभर खाली. रोज सकाळी पट्टीने त्यावरची शीट बादलीत ओढायची. हे दोन मिनिटांचं काम करणाऱ्याच्या खुराड्यात मोठी सफाई क्वचित लागते. फळीवर थोडं तूस किंवा वाळू पसरली तर शीट चिकटत नाही.

खरवडताना नुसतं ओढू नका, बघत ओढा. नेहमीची शीट तपकिरी-करडी, घट्ट, वर पांढरी टोपी असलेली असते. मधूनमधून, आठ-दहामागे एक, चिकट, चॉकलेटी आणि फार घाण वासाची पडते. तीही नेहमीचीच, घाबरायचं कारण नाही. रक्त, हिरवट पाणी, किंवा सगळीच्या सगळी पातळ दिसली तर मात्र कोंबडी शोधायला लागा. दांडीवरची प्रत्येकीची जागा बहुतेक ठरलेली असते, त्यामुळे फळीवरच्या डागावरून कोणाचं बिनसलंय याचा अंदाज येतो.

दुसरं काम पाण्याचं. भांड्याच्या आतून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर तो जिवाणूंचा थर आहे, आणि नुसतं पाणी बदलून तो जात नाही. रोज ब्रशने घासून, विसळून, मग ताजं पाणी. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पिते, कडक उन्हात त्याच्या दुपटीपर्यंत. भांडं विटेवर ठेवून तिच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे त्यात माती उकरून टाकता येत नाही आणि सांडणंही कमी होतं. शक्य असेल तर पाणी खुराड्याबाहेर, आवारात ठेवा. रात्री झोपलेल्या कोंबड्यांना ते लागत नाही, आणि खुराड्यातली सांडलेल्या पाण्याची ओल एका फटक्यात जाते.

तिसरं, संध्याकाळी उरलेलं खाद्य उचला. भिजलेलं खाद्य तर दुपारीच काढा. त्यावर बुरशी धरते आणि काही बुरशींचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. खाद्याचं पोतं उघडं ठेवलं तर उंदीर येतात, उंदरांमागे साप. पत्र्याचा डबा, घट्ट झाकण.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. मळकं अंडं थंड पाण्यात बुडवू नका. आतला भाग आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. कोरड्या खरखरीत फडक्याने पुसा. फार माखलेलं असेल तर खाण्याच्या अंड्यांत धरू नका.

गादी: खरं काम इथेच आहे

खुराड्याच्या जमिनीवर जो थर पसरतात त्याला गादी म्हणतात. भाताचं तूस, शेंगांची टरफलं, सुताराच्या रंध्यातून निघणारा जाड भुसा, बोटभर लांबीचा चिरलेला पेंढा, यातलं जे स्वस्त आणि कोरडं मिळेल ते चालतं. करवतीचा पिठासारखा भुसा टाळा. त्याची धूळ उडते आणि पिल्लं तो खातात. रंग किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा भुसा तर नकोच. अख्खा पेंढा थापटून बसतो, वरून कोरडा दिसतो आणि खाली कुजतो, म्हणून चिरूनच वापरा.

गादी राखायच्या दोन रीती आहेत. एकीत पातळ थर टाकायचा आणि दर एक-दोन आठवड्यांनी सगळा काढून नवा भरायचा. दुसरीत आठ-दहा सेंटिमीटरपासून सुरुवात करायची, वरून थोडं थोडं भरत १५ ते २० सेंटिमीटरवर न्यायची आणि कित्येक महिने तीच ठेवायची. दुसऱ्या रीतीत गादीतले जिवाणू शीट हळूहळू पचवतात, खाली खत तयार होत जातं. नवख्यांना ती आळशी माणसाची सोय वाटते, पण तसं नाही. काढायचं काम कमी होतं, हलवायचं वाढतं. परसातल्या पाच-दहा कोंबड्यांसाठी माझी पसंती दांडीखालची फळी आणि जाड गादी या जोडीला आहे. रोजची अर्धी शीट फळीवरूनच बाहेर जाते, उरलेली गादी सहज पचवते.

गादी नीट आहे का हे मुठीने बघायचं. वरचा थर बाजूला करून आतली मूठभर गादी घ्या आणि घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर लाडवासारखा गोळा तसाच राहिला आणि तळवा दमट झाला, तर ओल जास्त. हलका गोळा होऊन बोट लावताच फुटला, तर अगदी हवी तशी. बोटांच्या फटींतून भुरभुर सुटली आणि धूळ उडाली, तर फार कोरडी, थोडी धूळ दबेल इतका पाण्याचा शिडकावा चालेल. ही चाचणी एकाच जागी करू नका. दाराशी, पाण्याच्या भांड्याखाली, कोपऱ्यात आणि दांडीखाली, अशी चारही ठिकाणची मूठ वेगवेगळी निघते. ओल कुठून येते ते त्यावरून सापडतं. कोपरा ओला असेल तर छप्पर गळतंय. भिंतीलगत ओल असेल तर बाहेरचं पाणी आत झिरपतंय. भांड्याखाली असेल तर भांडं बदला.

आठवड्यातून दोनदा गादी तळापर्यंत खालीवर करा. अर्धं काम कोंबड्यांकडून करून घेता येतं. मूठभर दाणे गादीवर फेका, त्या उकरून उकरून सगळं उलथून टाकतील. जिथे ढेप धरली असेल, पापुद्रा बसला असेल, तो भाग फावड्याने उचलून बाहेर टाका आणि तिथे कोरडा माल भरा. ढेप फोडून परत गादीत मिसळायचा मोह होतो, तो आवरावा. आतली ओल पसरते, जात नाही.

आता चुन्याबद्दल. गादीत चुना टाका हा सल्ला नवख्याला दहा जण देतात, आणि बहुतेक जण वास आल्यावर टाका असं सांगतात. ओल्या, वास मारणाऱ्या गादीत चुना टाकला की तिचा आम्लपणा जातो आणि आत अडकलेला अमोनिया एकदम हवेत सुटतो. म्हणजे वास घालवायला टाकलेल्या चुन्याने त्या रात्री वास वाढतो. तेव्हा आधी ओली गादी काढा. चुन्याची खरी जागा रिकाम्या, झाडलेल्या जमिनीवर आणि भिंतींवर आहे. तोही विरलेला आणि निवलेला. कळीचा चुना पाणी लागताच उकळतो आणि कोंबडीचे पाय भाजतो.

आठवड्याला एकदा

खोक्यांतला पेंढा बदला. चार-पाच कोंबड्यांना एक खोका पुरतो, साधारण फूटभर लांब-रुंद-उंच. खोक्याचं छप्पर उतरतं करा, नाहीतर त्यावर बसून शिटतात. एखादी खुडूक बसलेली असेल तर तिला उठवून खालचं बघा. खुडूक कोंबडी दिवसाकाठी जेमतेम एकदा उठते, धूळस्नान टाळते, म्हणून उवा आणि कोळी तिच्यावर सगळ्यात आधी वाढतात. खोक्यात डांबराच्या गोळ्या ठेवायची पद्धत आहे. ती सोडा, त्या विषारी असतात आणि अंड्यांना वास लागतो.

जाळीवरची जळमटं काढा, म्हणजे झरोके मोकळे राहतात. खाद्याची भांडी धुऊन उन्हात पालथी घाला.

आठवड्याचा हा नेम माश्यांसाठीही महत्त्वाचा. उष्ण हवेत घरमाशीच्या अंड्यापासून माशी व्हायला सात ते दहा दिवस लागतात. ओली शीट त्याच्या आत हलवली तर अळीची माशी होतच नाही. औषध फवारण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

धूळस्नानाची जागा विसरू नका. कोरडी माती, वाळू आणि चाळलेली लाकडाची राख एका पसरट पेटीत, छपराखाली. कोंबडी त्यात आडवी पडते, पंखांनी धूळ पिसांच्या मुळापर्यंत ओढते, मग उठून सगळं अंग झाडते. अंगावरच्या उवांवर हा तिचा स्वतःचा उपाय आहे. पेटी ओली झाली की ती त्याकडे ढुंकूनही बघत नाही.

मोठी सफाई

वर्षातून दोनदा पुरते. कडक ऊन असेल असा दिवस निवडा आणि सकाळी लवकर सुरुवात करा, म्हणजे संध्याकाळपर्यंत वाळेल. पाणी वापरायचं ते याच दिवशी.

१. कोंबड्यांना बाहेरच्या आवारात सोडा आणि खुराड्याचं दार लावून घ्या. खोके, दांड्या, भांडी, फळी, जे निघतं ते सगळं बाहेर काढून उन्हात ठेवा.

२. गादीवर हलका शिडकावा करा, धूळ बसेल इतकाच. मग मास्क लावून फावड्याने सगळी गादी काढा. जाड गादीवाल्यांनी आतला भुसभुशीत, वास नसलेला भाग दोन-तीन घमेली वेगळा ठेवावा. नव्या गादीत तो विरजणाचं काम करतो. कळपात आजार होऊन गेला असेल तर मात्र काहीही मागे ठेवू नका.

३. वरून खाली या. छत, झरोके, भिंती, शेवटी जमीन. आधी कोरडं झाडा, मग पट्टीने खरवडा. चिकटलेली शीट निघत नसेल तर त्या जागी ओलं गोणपाट दहा-पंधरा मिनिटं टाकून ठेवा, सहज सुटते.

४. गरम पाणी आणि कपडे धुण्याची साधी पावडर घेऊन ब्रशने घासा. कमीत कमी पाणी, जास्तीत जास्त घासणं. मागच्या भिंतीकडून दाराकडे, म्हणजे पाणी बाहेर निघतं. स्वच्छ पाण्याने विसळा.

५. वाळू द्या. मग जंतुनाशक. हा क्रम बहुतेक जण उलटा करतात. शिटेच्या थरावर ओतलेलं जंतुनाशक त्या शिटेवरच खर्ची पडतं, खालच्या लाकडापर्यंत पोचत नाही. घरगुती ब्लीच वापरणार असाल तर एक भाग ब्लीचला दहा भाग पाणी, त्याच दिवशी कालवलेलं, आणि पृष्ठभाग निदान दहा मिनिटं ओला राहायला हवा. शिटेतल्या अमोनियाशी ब्लीचची गाठ पडली तर विषारी वायू निघतो, हे आधी धुण्याचं दुसरं कारण. ब्लीचमध्ये व्हिनेगर, फिनेल, आम्लाचा क्लीनर, काहीही मिसळू नका. फिनेलने वास झाकला जातो, खुराडं स्वच्छ होत नाही.

६. पुन्हा पूर्ण वाळू द्या. जमीन मातीची असेल तर वरची दोन-तीन बोटं माती काढून नवी कोरडी माती ठोकून बसवा. रक्ती हगवणीच्या परजीवीच्या अंड्यांना ब्लीच काही करत नाही. ती मरतात उष्णतेने आणि कोरडेपणाने, म्हणून उकळतं पाणी आणि ऊन यांना पर्याय नाही.

७. भिंतींना आणि लाकडाला विरल्या चुन्याची सफेदी द्या. फटींत ब्रश खुपसून भरा. डोळ्यांना चष्मा आणि हातांत मोजे हवेतच.

८. सफेदी सुकली, हात लावून जमीन कोरडी लागली, की गादी भरा, सामान लावा, कोंबड्या आत घ्या. संध्याकाळी थोडी ओल राहिली तर घाई करू नका. एक रात्र कोंबड्या दुसरीकडे काढतील, पण ओल्या जमिनीवर गादी टाकली तर दिवसभराची मेहनत वाया जाईल.

रात्री टॉर्च घेऊन

दिवसा खुराडं कितीही लख्ख दिसलं तरी लाल कोळी आहेत की नाहीत हे दिवसा कळत नाही. ते दिवसा फटींत, दांडीच्या टोकाशी, खोक्याच्या सांध्यात दडतात आणि रात्री कोंबडीवर चढून रक्त पितात. अंधार पडून तास-दोन तास झाले की जा. पांढरा कागदी रुमाल घ्या आणि दांडीच्या खालच्या बाजूने दाबून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टॉर्चखाली धरल्यावर रुमालावर रक्ताचे बारीक तांबडे फराटे दिसले तर कोळी आहेत. दांडीच्या खोबणीत राखेसारखी करडी भुकटी दिसते, ती त्यांची कात आणि विष्ठा. कोंबड्या संध्याकाळी आत जायला कुरकुर करतात, तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात, तेव्हा हा रुमाल आधी फिरवावा.

उवांची गोष्ट वेगळी. त्या कोंबडीच्या अंगावरच राहतात. शेपटीखालची पिसं बाजूला करून बघा, पिसांच्या बुडाशी पांढरट अंड्यांचे गोळे दिसतात. उवा असतील तर औषध कोंबडीला, कोळी असतील तर औषध खुराड्याला. हे उलटं झालं की पैसे जातात आणि कीड राहते.

कोळ्यांसाठी दांड्या काढून उकळत्या पाण्यात धुवा, उन्हात टाका, फटी खरवडून साबणाचं गरम पाणी भरा, मग चुना. जास्त असतील तर कोंबड्यांसाठीच बनवलेलं औषध पशुवैद्यकाला विचारून वापरा आणि त्या काळात अंडी खायची की नाही हेही विचारा. उष्णतेत कोळ्यांची पिढी आठवडाभरात तयार होते, अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून सहा-सात दिवसांनी परत, आणि आणखी सहा-सात दिवसांनी पुन्हा एकदा. खुराडं नुसतं रिकामं ठेवून ते जात नाहीत, कित्येक महिने उपाशी राहू शकतात. दांड्यांना जळकं इंजिन ऑइल फासायचा जुना उपाय करू नका. ते कोंबडीच्या पायांना आणि पिसांना लागतं आणि चोचीने पोटात जातं.

जाळी, दार, उंदीर

महिन्याला एकदा जाळीवरून हात फिरवत फेरी मारा. षटकोनी पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्यांना अडवत नाही. कुत्रं ती फाडतं, मुंगूस आणि उंदीर त्यातून येतात. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा आणि खाली दीड फूट बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी पसरून मातीने झाका. उकरणारं जनावर भिंतीपाशी उकरतं, जाळी लागली की सोडून देतं. जिथे तुमचं बोट जातं तिथे घूस नाही तरी उंदीर येतो, तेव्हा भोकं सिमेंटने बुजवा. कड्या तपासा, बिजागऱ्यांना तेल द्या, वर आलेले खिळे ठोका. कोंबडीच्या तळव्याला खिळा लागला की आत पू धरतो आणि ती लंगडते.

पाऊस, थंडी, ऊन

पावसाळ्याआधी छपरावर बादलीभर पाणी ओतून आतून बघा, गळती तिथल्या तिथे सापडते. खुराड्याभोवती चर काढा. थंडीत लोक झरोके बंद करतात, ती मोठी चूक. कोंबडीला पिसांची ऊब पुरते, तिला त्रास होतो तो कोंडलेल्या दमट हवेचा. खालचे झोत बंद करा, वरचे झरोके उघडे राहू द्या. उन्हाळ्यात कामं पहाटे उरका, दुपारी त्यांना हुसकावू नका.

आजार आला तर

लागोपाठ दोन-चार मेल्या, मान पिरगळल्यासारखी झाली, तुरा निळसर पडला, डोकं सुजलं, तर झाडलोट थांबवा. मानमोडी किंवा बर्ड फ्लू असू शकतो, आणि झाडण्याने धूळ उडून तो पसरतो. मेलेल्याला उघड्या हाताने उचलू नका, पशुवैद्यकाला कळवा, बाकीच्यांना बाहेर सोडू नका. एकटीच आजारी असेल तर तिला वेगळी ठेवा आणि रोजच्या फेरीत आधी पिल्लं, मग धडधाकट कोंबड्या, सगळ्यात शेवटी आजारी, असा क्रम ठेवा. नवी आणलेली कोंबडी महिनाभर वेगळी, तिची भांडी वेगळी. दर वेळी साबणाने हात धुवा. धडधाकट दिसणारी कोंबडीही साल्मोनेला, म्हणजे माणसाचं पोट बिघडवणारे जिवाणू, बाळगून असू शकते, म्हणून लहान मुलांकडे विशेष लक्ष द्या.

काढलेल्या गादीचं काय करायचं

ताजं कोंबडखत झाडांच्या बुडाशी टाकू नका, मुळं जळतात. त्यात नत्र फार. भुसा-तुसासकट निघालेली गादी आणि त्याच्या जोडीला वाळला पाला असा ढीग करा, कंबरेइतका तरी उंच, नाहीतर तो तापत नाही. पिळलेल्या फडक्याइतका दमट ठेवा. तीन-चार दिवसांत आतून ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवा, त्या उष्णतेत रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. लोखंडी सळई आत खुपसून पाच मिनिटांनी ओढा. हातात धरवत नसेल तर ढीग कामाला लागलाय. निवला की बाहेरचं आत, आतलं बाहेर करून पुन्हा रचा. अमोनियाचा वास आला तर वाळला पाला वाढवा. ढीग खुराड्यापासून आणि विहिरीपासून लांब, आणि पावसात झाकलेला. मातीत वाढणाऱ्या किंवा मातीला टेकणाऱ्या भाज्यांना न कुजलेलं खत काढणीच्या निदान चार महिने आधी घाला. एक ढीग मुरत असताना नवी गादी त्यात टाकत राहू नका, शेजारी दुसरा सुरू करा.